शहरात गाडी किती स्पीडनं चालवावी? मीटर नंतर, आधी आडोसा बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लेकीला चार महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालं, घरची छोटी गाडी घेऊन ती सुदामा नगरहून विजय नगरला ऑफिसला जाते, तीस-पस्तीसच्या वर नेत नाही, मागचे हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा करतात, आणि यजमानांचं म्हणणं की इतकी हळू गाडी जास्त धोक्याची, निदान पन्नास तरी ठेव. बरोबर कोण?

बहुतेक जागी लेक बरोबर. एक-दोन जागी यजमान बरोबर. आणि हॉर्नवाले कुठेच बरोबर नाहीत, पण त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

मी इंदुरात बावीस-तेवीस वर्षं गाडी शिकवतोय. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी पण एक ब्रेक असतो, आणि खरं सांगू का, स्पीडबद्दल मला जे काही कळलंय ते त्या ब्रेकनं शिकवलंय. शिकणाऱ्याच्या आधी माझा पाय कधी उचलला जातो याकडे मी लक्ष द्यायला लागलो, तर लक्षात आलं की मीटरवर चाळीस आहे का पन्नास याचा त्याच्याशी फार कमी संबंध आहे. मोकळ्या रस्त्यावर पन्नासलाही माझा पाय निवांत असतो आणि कॉलनीच्या गल्लीत पंचविसाला ब्रेकवर जाऊन बसतो. कारण गल्लीत आडोसे असतात. आडोसा म्हणजे ज्याच्या मागचं मला दिसत नाही ते काहीही. उभी लोडिंग रिक्षा, स्टॉपवर थांबलेली सिटी बस, कोपऱ्यावरची कंपाउंडची भिंत, भाजीचा ठेला, कचरा घ्यायला आलेली गाडी (आपल्याकडे ती सकाळी गाणं वाजवत येते आणि घराघरातून माणसं डबे घेऊन तिच्याकडे पळत येतात, रस्ता न बघता, हे इंदूरवाल्यांना सांगायला नको).

म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्याला मी पहिल्या दिवशी सांगतो की स्पीड मीटरवर ठरत नाही, पुढचा पहिला आडोसा किती लांब आहे त्यावर ठरते. त्याच्या मागून कोणी बाहेर आलं तर तुझी गाडी थांबेल का? थांबेल, तर स्पीड बरोबर आहे, मग मागचा काहीही म्हणो. नाही थांबणार, तर जास्त आहे, मग पाटीवर सत्तर का लिहिलेलं असेना.

आता हे "थांबेल का" लोकांना अजिबात माहीत नसतं, हे मी छातीठोक सांगतो. एका नव्या कॉलनीत, जिथे रस्ते झालेत पण घरं अजून व्हायचीत, तिथे रविवारी सकाळी मी हा खेळ करतो. रस्त्यावर खडूनं एक रेघ मारायची. गाडी तीसनं आणायची, रेघेवर मी "थांब" म्हणायचं, आणि थांबल्यावर उतरून पावलं मोजायची. आधी प्रत्येकाला अंदाज विचारतो. बहुतेक म्हणतात, "काका, चार-पाच पावलं." निघतात अठरा-वीस. मग चाळीसनं, मग पन्नासनं. पन्नासला पावलं मोजता मोजता पोरं गप्प होतात. एक मुलगी तर अर्ध्यातून परत रेघेपाशी गेली, तिला वाटलं मोजण्यात चूक झाली.

हिशोब सरळ आहे. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत जागरूक माणसालाही एक सेकंद लागतो, मोबाईल बघत असेल किंवा गप्पा मारत असेल तर दीड-दोन. त्या एका सेकंदात गाडी तीसला ८ मीटर जाते, चाळीसला ११, पन्नासला १४, साठला जवळजवळ १७. ब्रेक लागायच्या आधी हां. त्यानंतर कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, करकचून ब्रेक मारला तर तीसला अजून ५ मीटर, चाळीसला ९, पन्नासला १४, साठला २०. म्हणजे सगळं मिळून तीसला १३ मीटर, चाळीसला २०, पन्नासला २८, साठला ३७ च्या आसपास. आपल्या छोट्या गाडीची लांबी पावणेचार मीटर धरा म्हणजे डोळ्यासमोर येईल.

यात एक गोष्ट जरा थांबून बघा. तीसवाली गाडी तेरा मीटरवर पूर्ण थांबलेली असते, आणि पन्नासवाल्याचा चौदा मीटर होईपर्यंत ब्रेकच लागलेला नसतो. म्हणजे जिथे तुमची लेक गाडी थांबवून "अरे बाळा बघून चाल" म्हणतेय तिथे यजमानांची गाडी पूर्ण पन्नासनं पोचलेली असणार.

अजून एक हिशोब, हा मी फळ्यावर करून दाखवतो. समजा वीस मीटरवर पोरगं आडवं आलं. चाळीसवाला टेकता टेकता थांबतो. पन्नासवाला त्याच जागी साधारण सदतीसनं धडकतो. आणि साठवाला? पंचावन्ननं. नीट वाचा, चाळीसला शून्य आणि साठला पंचावन्न. लोकांना वाटतं वीसनं वाढवली तर वीसनंच आपटेल, तसं नसतं, कारण ब्रेक लावायला जागाच उरत नाही. वर धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, दीडपट स्पीड म्हणजे सव्वादोनपट धडक. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की गाडीची स्पीड ५० वरून ६५ झाली की समोरून धडकलेल्या पायी माणसाचा मरण्याचा धोका साडेचारपट होतो. म्हणूनच जिथे पायी माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे ३० ठेवा असं जगभर म्हणतात, रस्ते सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही तेच होतं, आणि पॅरिसनं २०२१ मध्ये जवळजवळ अख्ख्या शहराला ३० लावलं. आता आपल्याकडे पायी माणसं आणि गाड्या एकत्र नसतात असा रस्ता कुठला ते तुम्हीच सांगा, फुटपाथ असला तरी त्यावर पाणीपुरी असते.

कायद्याचं विचाराल तर बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं की केंद्रानं एप्रिल २०१८ मध्ये शहरातल्या रस्त्यांसाठी कारची कमाल मर्यादा ७० ठरवली आहे, मोटरसायकल-स्कूटरची ६०, आणि तीन चाकीची ५०. हे सांगितलं की पोरं खूश होतात, "म्हणजे सत्तरनं चालवता येते!" अरे बाबांनो, ती छताची उंची आहे, उडी किती मारायची त्याचा हिशोब नाही. राज्य सरकार आणि स्थानिक प्रशासन त्याच्या खालची मर्यादा पाटी लावून ठरवू शकतं, शाळेपाशी, हॉस्पिटलपाशी, पुलावर, आणि पाटी असेल तिथे पाटीचंच ऐकायचं. मर्यादा ओलांडली तर मोटर वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कारला एक ते दोन हजार दंड आहे. आणि मर्यादेच्या आत असूनही बेदरकार चालवलीत तर त्याचं कलम वेगळं, म्हणजे गर्दीत साठनं जाऊन "पण सत्तरची परवानगी आहे" हे पोलिसाला सांगून उपयोग नाही.

नव्या गाड्यांचा एक घोळ सांगून ठेवतो. जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांत स्पीड वाढली की टूंक टूंक वाजतं, ते ८० ला सुरू होतं आणि १२० नंतर सारखं वाजत राहतं. माझ्याकडचा एक मुलगा पासष्टनं चालला होता आणि मी ओरडलो तर म्हणे, "काका, अजून वाजलं कुठे?" ते हायवेसाठी आहे रे राजा. शहरात ते वाजलं म्हणजे सगळं होऊन गेलेलं असतं.

आता लेकीच्या रस्त्यावर येऊ. तिचा रस्ता मी रोज करतो, त्यात तीन वेगळे रस्ते आहेत आणि तिघांची स्पीड वेगळी.

पहिला तुकडा सुदामा नगरच्या गल्ल्या, मेन रोडला लागेपर्यंत. इथे वीस, फार तर पंचवीस. सेकंड गियर. होय, सेकंड, "इंजिन ओरडतं" म्हणून थर्ड टाकायचा नाही, थर्ड टाकला की गाडी आपोआप तिसाच्या वर सरकते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नाही. घरांच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधे एकच गाडी जाईल इतकी जागा, म्हणजे प्रत्येक गाडी हा एक आडोसा आणि आडोसा गाडीपासून दोन हातांवर. इथे एक युक्ती सांगतो: उभ्या गाड्यांच्या खालून बघायचं. बोनेटच्या वरून पोरगं दिसत नाही पण गाडीच्या खालून पाय दिसतात, चेंडू दिसतो. आणि उभ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर डोकं दिसलं किंवा ब्रेकचा लाल दिवा दिसला तर दार उघडणार असं धरूनच चालायचं.

पाचेक वर्षं झाली असतील. एक पंचेचाळिशीच्या बाई शिकायला यायच्या, फार घाबरायच्या, वीसच्या वर नेतच नव्हत्या, मी रोज म्हणायचो, अहो मावशी जरा रेस द्या. त्या दिवशी संक्रांतीच्या आसपासचे दिवस, गल्लीत पोरं पतंगाच्या मागे. डाव्या हाताला ताडपत्री घातलेली लोडिंग रिक्षा उभी. मी काहीतरी सांगत होतो, खरं म्हणजे मी स्वतःच तिकडे बघत नव्हतो. तिच्या मागून सात-आठ वर्षांचा मुलगा निघाला, मान वर, डोळे आभाळात, हातात मांज्याची चकरी. मावशींनी ब्रेक दाबला, मी दाबला, कोणाचा आधी लागला देवास ठाऊक. गाडी थांबली तेव्हा मुलगा बोनेटला हात टेकून उभा होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, मग परत वर बघितलं, आणि पळाला. मावशींनी स्टीयरिंग सोडलं नाही, पाच मिनिटं तशाच बसल्या. त्या दिवसानंतर मी कोणाला गल्लीत "रेस द्या" म्हटलेलं नाही.

दुसरा तुकडा अन्नपूर्णा रोड आणि तिथून महू नाक्यापर्यंत. इथे पस्तीस ते चाळीस. सकाळी नऊच्या सुमारास तीसच. कारण पोहे-जलेबी. हसू नका, खरं सांगतोय. ठेल्यापाशी मोटरसायकली दुहेरी लागलेल्या, लोक रस्त्यात उभे राहून प्लेटमधे शेव घालून घेतायत, आणि मागे सरकताना कोणी बघत नाही, प्लेट सांभाळतात. पोह्याच्या ठेल्यावरून जाताना मी स्वतः ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेकच्या वर नुसता तरंगत ठेवतो, दाबत नाही. याला आम्ही "पाय तयार ठेवणं" म्हणतो. यानं ते एक सेकंद अर्ध्यावर येतं. चाळीसच्या स्पीडला अर्धा सेकंद म्हणजे साडेपाच मीटर, दीड गाडीची लांबी फुकटात मिळाली. स्पीड कमी न करताही. लेकीला ही एकच गोष्ट शिकवलीत तरी पुष्कळ झालं.

ई-रिक्षांचंही इथेच सांगतो. त्या बनवतातच पंचवीसच्या कमाल स्पीडला. तुम्ही पन्नासनं मागून आलात तर दोघांमधला फरक पंचवीसचा, आणि ती कुठल्या क्षणी सवारीसाठी थांबेल हे तिलाही माहीत नसतं. शहरात धोका तुमच्या स्पीडपेक्षा तुमच्या आणि आजूबाजूच्या स्पीडच्या फरकात जास्त असतो. यजमान म्हणतात त्यात तथ्य आहे ते हे. सगळे पंचेचाळीसनं चाललेत आणि एक गाडी मधल्या लेनमधून बावीसनं चाललीये तर तिच्यामुळे लोक डावीकडून-उजवीकडून कट मारणारच. पण यावर इलाज पन्नास नाही. इलाज आहे डावीकडे राहणं, सरळ रेषेत राहणं, आणि एकसारखी स्पीड ठेवणं. हळू गाडीचा त्रास कमी होतो, धरसोड गाडीचा जास्त. तीस-बेचाळीस-पंचवीस-चाळीस असं करणारा नवशिक्या मला एकसारख्या पस्तीसवाल्यापेक्षा जास्त घाबरवतो.

तिसरा तुकडा एबी रोड, म्हणजे शहरातून जाणारा जुना आग्रा-मुंबई रोड. इथे सिग्नलच्या मधल्या पट्ट्यात चाळीस-पंचेचाळीस ठीक, वाहतूक वाहत असेल आणि पुढे मोकळं दिसत असेल तर पन्नासही चालेल. २०१३ पासून इथे मधोमध बीआरटीएसची, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनची, रेलिंग होती, २०२५ मध्ये हायकोर्टानं ती काढायला परवानगी दिली, त्यामुळे या रस्त्याची जुनी सवय कामाची नाही. जिथे वर्षानुवर्षं रेलिंगमुळे माणूस आडवा येत नव्हता तिथे येऊ शकतो. रस्ता बदलला की दोन आठवडे दहानं कमी चालवायची हा माझा स्वतःचा नियम आहे.

एबी रोडवर जोरात जाऊन काय मिळतं ते एकदा मोजून बघा, मी मोजलंय. भंवरकुआँ ते विजय नगर सात-आठ किलोमीटर. मधे नौलखा, जीपीओ, शिवाजी वाटिका, गीता भवन, पलासिया, एलआयजी, आणि आणखी छोटे चौराहे. एके दिवशी मी मुद्दाम जिथे मिळेल तिथे साठ केली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पंचेचाळीसच्या वर गेलो नाही. फरक पडला तीन मिनिटांचाही नाही. आणि गंमत म्हणजे पहिल्या दिवशी गीता भवनला माझ्या बाजूला जी पांढरी गाडी उभी होती, जिला मी शिवाजी वाटिकेनंतर मागे टाकलं होतं, तीच पलासियाला परत बाजूला. आत एक आजोबा पेपर वाचत होते. सात किलोमीटर साठनं न थांबता गेलात तर सात मिनिटं, पंचेचाळीसनं सव्वानऊ, आणि न थांबता तुम्हाला जाऊ कोण देतंय.

सिग्नलचं बोललोच तर, टायमरवाले सिग्नल चांगले पण त्यांनी एक वाईट खोड लावलीये. हिरव्यावर पाच-चार-तीन दिसलं की लोक ॲक्सिलरेटर दाबतात, आणि आडव्या बाजूला लालवर तीन-दोन-एक दिसलं की तिथले लोक क्लच सोडतात. दोघांची भेट चौराह्याच्या मधोमध. मी शिकणाऱ्यांना "शिळा हिरवा" ओळखायला शिकवतो. तुम्ही लांबून बघताय तेव्हापासून हिरवाच आहे, म्हणजे तो शिळा झालाय, कधीही जाईल, पाय तयार ठेवा, चाळीसच्या खाली या. आत्ताच तुमच्या डोळ्यादेखत हिरवा झाला तर तो ताजा, निवांत जा, पण पहिली गाडी तुमचीच असेल तर डावी-उजवी बघून. लेकीचं सिग्नलवर ब्रेक लावणं आणि मागच्याचं तिच्या डिकीत घुसणं हे टाळायचं असेल तर तिनं लवकर आणि हलका ब्रेक लावायला शिकावं, म्हणजे तिचा लाल दिवा मागच्याला चार सेकंद आधी दिसतो.

रिंग रोड आणि बायपास वेगळे. रिंग रोडवर मोकळ्या वेळी पन्नास, आणि उजव्या लेनमधे पस्तीसनं चालवायचं असेल तर त्या रस्त्यानं जाऊच नका, इथे यजमान शंभर टक्के बरोबर. बायपासला तर ट्रक मागून येतात आणि भरलेल्या ट्रकला थांबायला तुमच्याहून कितीतरी जास्त जागा लागते, तिथे वाहतुकीबरोबर चालायचं नाहीतर डाव्या लेनमधे. राजवाडा-सराफ्याकडे मात्र दहा-पंधरा, आणि खरं तर कारच नेऊ नका, त्या गल्ल्या बांधल्या तेव्हा कारचा जन्म झाला नव्हता.

रात्रीचं लोकांना उलटं वाटतं, रस्ता रिकामा म्हणून स्पीड वाढवतात. पण डिपरवर, म्हणजे लाइट खाली केलेला असताना, तुमच्या लाइटचा उजेड साधारण चाळीस मीटरपर्यंत कामाचा पडतो. साठला थांबायला सदतीस मीटर लागतात ते ताज्या, जाग्या माणसाला. साडेअकराला लग्नाहून परतणाऱ्याला, ज्याला दिसायला आणि कळायला दीड सेकंद लागतो, त्याला पंचेचाळीस लागतात. म्हणजे उजेडाच्या पलीकडे. अंधार हा सगळ्यात मोठा आडोसा, आणि तो तुमच्याबरोबरच चालतो. कुत्रं आडवं आलं तर सरळ रेषेत ब्रेक मारायचा, स्टीयरिंग झटकायचं नाही, झटक्यानं गाडी डिव्हायडरवर जाते. ऐकायला कठोर वाटतं पण मी तेच शिकवतो.

पाऊस: पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येऊन साबण होतो, त्या पहिल्या अर्ध्या तासात सगळ्या आकड्यांतून दहा वजा करा. नंतरही ओल्यावर ब्रेकची जागा दीडपट धरा. टायर घासलेले असतील तर मग देवाचं नाव.

स्पीड ब्रेकरबद्दल लोक फार शिव्या देतात. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्ते कसे बांधायचे त्याची मापं ठरवणारी संस्था, तिच्या १९८८ च्या नियमाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोल, आणि पंचवीसच्या स्पीडनं आरामात पार होईल असा हवा. आपल्या गल्लीत लोकांनी रात्रीतून सिमेंट टाकून केलेला अर्धा फूट रुंद "ब्रेकर" बघितला की हे वाचून हसू येतं. त्यावरून पाचनं गेलं तरी कंबर मोडते, आणि पुढे मागे लोक तो चुकवायला कडेच्या मातीतून गाडी घालतात, जिथे माणसं चालतात. म्हणजे माणसांसाठी केलेला ब्रेकर माणसांवरच गाडी घालतो.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण नाहीतर वाटेल काका जन्मापासून शहाणे. शिकवायला लागायच्याही आधीची गोष्ट, सकाळी सहाची वेळ, रस्ता रिकामा, मी पंचावन्ननं चाललो होतो आणि मला ती स्पीड वाटतही नव्हती. उजवीकडच्या गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक उभा होता. त्याच्या मागून दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल आली. मी ब्रेक मारला, पण वर सांगितलेला सगळा हिशोब तेव्हा मला माहीत नव्हता, गाडीला माहीत होता. दूधवाले भैया वाचले, गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन महिने घरी बसले. रस्त्यावर दूध पसरलं होतं आणि त्यातून मी माझी चप्पल शोधत होतो, ते मला अजून आठवतं. रस्ता रिकामा होता हे मी सगळ्यांना सांगत होतो. रिकामा नव्हता, ट्रकच्या मागचा मला दिसत नव्हता एवढंच.

२०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि सरकारी अहवालात त्यातली ७१ टक्क्यांहून जास्त ओव्हरस्पीडिंगच्या खात्यात आहेत. त्यातली किती खरोखर स्पीडची आणि किती फॉर्मवरच्या टिकमार्कची हा वाद घालता येईल. पण माझ्या दृष्टीनं बहुतेक ठिकाणी मीटर फार पुढे गेलेलं नसतं, पन्नासच असतं, फक्त तिथे पन्नास चालणार नसतं.

आता हॉर्नवाले. हॉर्नचा अर्थ "मी मागे आहे" इतकाच, "तू जोरात चालव" असा नाही. त्याला तसा अर्थ तुमची लेक देते म्हणून तिला त्रास होतो. तिनं तीन गोष्टी करायच्या. आरशात बघायचं, डावीकडे जागा असेल तर इंडिकेटर देऊन सरकायचं, आणि जागा नसेल तर आहे तसंच चालायचं. बाजूनं जाताना कोणी काच खाली करून "मॅडम घर पे बैठो" म्हणालाच तर त्याच्याकडे बघायचंही नाही, पुढच्या चौराह्यावर तो लाल सिग्नलला तुमच्याच पुढे उभा असणार. आणि मागचा फारच चिकटून येत असेल तर आपण स्पीड वाढवायची नाही, उलट पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवायचं, म्हणजे आपल्याला अचानक ब्रेक मारावा लागत नाही आणि तो आपल्यात घुसत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं, आपण तिथे दोनच्या आत पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात तीन-चार.

स्कूटरवाल्या बहिणीबद्दल पण तुम्ही विचारलंय, तिला चाळीस पुरे, आडोशांचं गणित तेच, फक्त तिच्याभोवती पत्रा नाही. हेल्मेटचा पट्टा लावलेला नसेल तर ते हेल्मेट नाही, टोपी आहे.

मीटरचं एक बारीक सांगायचं राहिलं. गाडीचं मीटर नेहमी थोडं जास्त दाखवतं, मुद्दाम तसं बनवतात, कमी दाखवायची परवानगी नसते. मोबाईलच्या मॅपवर ३७ आणि मीटरवर ४० दिसलं तर गाडी बिघडलेली नाही.

लेकीसाठी या रविवारी हे करा. सकाळी साडेसहाला तिला घेऊन तिचा ऑफिसचा रस्ता करा, तुम्ही शेजारी बसा. तिनं तोंडानं बोलत चालवायचं: "डावीकडे रिक्षा उभी, मागचं दिसत नाही, पाय तयार... बस थांबली, पुढून कोणी येईल, पंचवीस... मोकळं, चाळीस." पहिली दहा मिनिटं तिला हसू येईल, मग जीभ आणि पाय एकत्र चालायला लागतात. तुम्ही फक्त ती बोलली नाही असे आडोसे मोजा. माझ्याकडे पहिल्या खेपेला वीस-पंचवीस सुटतात, चौथ्या-पाचव्याला चार-पाच. मग तोच रस्ता संध्याकाळी सहाला. यजमानांना यायचंच असेल तर मागच्या सीटवर, बेल्ट लावून, आणि बोलायचं नाही या अटीवर.